मदत हवी आहे : डिसेंबर १९७१ चे नागपूरचे पेपर कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांची पत्र्याची पेटी सापडली. आत १९७१ च्या युद्धाची कात्रणं, खळीनं वहीत चिकटवलेली. पान उलटलं की कडेचा भुगा हातात येतो. ३ डिसेंबरला पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ले केले तिथून वही सुरू होते अन् ढाक्याच्या शरणागतीआधीच संपते. एका समासात पेन्सिलीनं लिहिलंय : 'रात्री बीबीसी ऐकले. आकडे वेगळे.' ही ओळ काही डोक्यातून जात नाही.

कात्रणांवर पेपरचं नाव नाही. त्या पंधरवड्याचे 'तरुण भारत' आणि 'हितवाद'चे अंक कुठे बघायला मिळतील? 'लोकमत' दैनिक तर नागपुरात १५ डिसेंबर १९७१ ला सुरू झालं, शरणागतीच्या आदल्या दिवशी! ते पहिले अंक कोणी जपून ठेवलेत का? एका वाचनालयात विचारलं, तर जुने गठ्ठे रद्दीत गेले म्हणाले. फार वाईट वाटलं.

शिवाय जूनमध्ये लंडनच्या 'संडे टाइम्स'मध्ये अँथनी मस्करेन्हास यांनी पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलींबद्दल लिहिलं आणि जग हादरलं. त्याची चर्चा आपल्याकडे झाली होती का?

घरात कोणी ज्येष्ठ असतील तर एवढं नक्की विचारा : इतवारीत, बर्डीवर तेव्हा लोक काय बोलत? भरवसा आकाशवाणीवर होता की बीबीसीवर? त्यांच्याच शब्दांत कळवा. हो म्हणत असतील तर मी घरी येऊन लिहून घेईन.