मदत हवी आहे: डेन्मार्कमध्ये यजमान कुटुंबात दहा महिने – जेवण, रीतभात, काय न्यावं?

नाशिककर_आई

नमस्कार मंडळी,

मुलगी (वय १६, अंडं खाणारी शाकाहारी) विद्यार्थी विनिमय कार्यक्रमातून ऑगस्टमध्ये डेन्मार्कला चालली आहे. राहणार जटलंडमधल्या एका लहान गावात, यजमान कुटुंबाकडे. शाळा म्हणजे तिथलं जिमनॅशियम (व्यायामशाळा नव्हे, आपल्या ज्युनियर कॉलेजसारखी शाळा). घरात आई, वडील, तिच्याच वयाचा मुलगा आणि एक लहान मुलगी. व्हिसा आणि कागदपत्रं संस्था बघते आहे, तो प्रश्न नाही. विचारायचंय ते घरात राहण्याबद्दल.

शाकाहारी मुलीचं तिथे रोजचं जेवण कसं असेल? आठवड्यातून एकदा तिने स्वयंपाक केला तर चालतो का, आणि इथून कुकर, तूप, पेढे, कढीपत्ता यांपैकी काय नेता येतं? यजमानांना अंकल-आंटी म्हणायचं का? घरकाम किती अपेक्षित असतं? आणि त्यांच्या सणांत नुसतं बघत न बसता सामील कसं व्हायचं?

आम्ही रोज रात्री साडेनऊला फोन करायचं ठरवलंय. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

ऑर्हूसकर

ताई, जेवणापासून सुरुवात करतो, कारण डेनिश घर कळतं ते जेवणाच्या टेबलावर.

आधी यजमानांना आजच ईमेल करा आणि नुसतं 'शाकाहारी' लिहून थांबू नका. तिथे मासे खाणारे काही जणही स्वतःला शाकाहारी म्हणवतात. मासे नाही, कोंबडी नाही, मांसाचं पाणी घातलेली ग्रेव्ही नाही, जेलॅटिन नाही. अंडं, दूध, चीज चालेल, असं सुटं सुटं लिहा.

सकाळी ओटचे पोहे आणि थंड दूध, दही किंवा पाव. दुपारचा डबा थंड असतो आणि मुलं तो स्वतःच भरतात. त्यात रुगब्रॉड म्हणजे राईच्या पिठाचा काळा, आंबूस, जड पाव. त्याच्या पातळ कापांवर लोणी आणि वर काहीतरी ठेवायचं. तिच्यासाठी चीज, उकडलेल्या अंड्याचे काप आणि टोमॅटो, उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांवर मेयोनीज आणि बारीक चिरलेली चाइव्हची पात, हुमुस, अवोकाडो असं बरंच आहे. पावावर ठेवायच्या चॉकलेटच्या पातळ वड्याही मिळतात, पोरांना त्या फार आवडतात. दोन थरांमध्ये कागद घालायचा, नाहीतर दुपारपर्यंत सगळा लगदा होतो. पहिल्या आठवड्यात एकच काप घ्यावा, हा पाव पोटात चांगलाच बसतो.

लिव्हरपोस्टाय नावाचा पसरवायचा प्रकार जवळजवळ प्रत्येक फ्रिजमध्ये असतो. ते डुकराचं यकृत आहे. नाव पाठच करून ठेवावं.

गरम जेवण एकच, संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि तेव्हा सगळं घर टेबलावर असतं. वाढण्याची पद्धत नाही. भांडी हातोहात फिरतात, आपलं आपण घ्यायचं. आपली मुलं उपाशी राहतात ती इथेच. आपल्याकडे पहिल्यांदा 'नको' म्हणायचं आणि आग्रह झाला की घ्यायचं. डेनिश घरात 'नको' म्हणजे नको. भांडं पुढे जातं, परत विचारत नाहीत, आणि त्यात अनादर नसतो. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवलेला असतो. हवं असेल तर पहिल्याच फेरीत घ्यायचं. मात्र थोडंच, कारण ताटात टाकलेलं त्यांना खटकतं. दुसऱ्यांदा घेतलं की करणाऱ्याला बरंच वाटतं.

उठताना 'ताक फॉर मॅड' म्हणजे जेवणाबद्दल आभार, रोज, न चुकता. समोरून 'वेल्बेकोमे' येतं. सगळ्यांचं संपेपर्यंत उठायचं नाही. उठताना आपली ताटली स्वतः डिशवॉशरमध्ये.

लपलेलं मांस कुठे असतं तेही सांगतो. बटाट्यांवरचा तपकिरी सॉस बहुधा मांसाच्या रसाचा असतो. लाल कोबीची गोडसर भाजी नाताळात बरेचदा बदकाच्या चरबीत शिजवतात. चिकट गोळ्यांमध्ये जेलॅटिन असतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी गोळ्यांचा वाडगा समोर येणार हे नक्की. पाकिटावर 'जेलॅटिने' आणि 'स्वीन' (डुक्कर) हे दोन शब्द शोधायला शिकवा.

---

मोहरी_फोडणी

स्वयंपाक जरूर करू दे. 'अमुक वारी मी जेवण करते' हे ऐकून बहुतेक घरं खूश होतात. फक्त वार आधी ठरवावा. तिथे आठवड्याचा बेत आणि खरेदी आधीच ठरलेली असते.

चुली बहुतेक ठिकाणी इंडक्शन. अॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तरच ते चालेल. पण माझं मत, कुकर नेऊच नये. तूरडाळ गावातल्या दुकानात मिळत नाही, मसूरडाळ मात्र कुठल्याही सुपरमार्केटमध्ये असते आणि ती साध्या पातेल्यात वीस मिनिटांत शिजते. पाच जणांना २५० ग्रॅम मसूरडाळ, ४०० ग्रॅम तांदूळ, एक किलो बटाट्यांची पिवळी भाजी. पहिल्या वेळी सगळ्या वरणाला तिखट अर्ध्या चमच्याच्या वर नको. मिरचीचा ठेचा वेगळ्या वाटीत ठेवावा.

फोडणी सांभाळून. स्वयंपाकघर बैठकीला जोडून मोकळं असतं, धुराचा अलार्म छतावर असतो, आणि हिवाळ्यात बंद घरात मोहरी-हिंगाचा वास कोटांना धरतो. आधी एक्झॉस्ट पूर्ण वेगावर, खिडकी उघडी, बैठकीचं दार असेल तर बंद, पातेल्यावर झाकण, आणि मग मोहरी. संपल्यावर दहा मिनिटं खिडकी तशीच ठेवावी.

तूप तिथेच कढवायचं. लोणी बिनमिठाचं बघून घ्यावं, खारं लोणी कढवलं की सगळं मीठ तळाशी बसतं आणि बेरी खारट होते. २५० ग्रॅम लोणी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं, बेरी बदामी झाली की गाळायचं. साधारण २०० ग्रॅम तूप निघतं. त्यात बेसनाचे लाडू तिने यजमानांच्या लहान मुलीला सोबत घेऊन वळावेत.

---

बॅगेचा_हिशोब

नेण्याबद्दल. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांनी मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर, चक्का सगळं बाद. विमानतळावर तपासलं तर काढून घेतात. कढीपत्ता, आंबे, लिंबं, कोथिंबीर हेही नको. ताजी पानं-फळं वनस्पती-आरोग्य दाखल्याशिवाय चालत नाहीत, आणि कढीपत्त्याबाबत नियम फारच कडक आहेत.

गोडा मसाला, हळद, हिंग, मोहरी, लसणाची सुकी चटणी, पोहे, शेंगदाण्याची चिक्की खुशाल न्या. कंपनीच्या बंद पाकिटातलं नेलं की प्रश्न कमी विचारतात. घरी कुटलेला मसाला न्यायचा असेल तर दोन पिशव्यांत आणि वर इंग्रजीत नाव.

भेटवस्तू महागडी नको, अवघडल्यासारखं होतं. सावंतवाडीची लाकडी फळं किंवा गंजिफा, वारली चित्राची छोटी चौकट, हातमागाचा टेबलावरचा लांब कपडा पुरे. टेबलावरचं कापड तर हमखास वापरतात.

वीज २३० व्होल्टच आहे. दोन गोल पिनांचा चार्जर बहुधा बसतो, आपली तीन पिनांची मोठी प्लग बसत नाही. एक अडॅप्टर पुरे.

---

ऑर्हूसकर

राहिलेल्या प्रश्नांकडे वळतो.

हाक नावाने मारायची. अंकल-आंटी नाही, सर-मॅडम नाही, शाळेत शिक्षकांनाही नावानेच. पहिले काही दिवस जड जाईल, पण 'मॅडम' म्हटलं की समोरचं माणूसच अवघडतं.

घरकाम घरातल्या बाकी मुलांइतकंच. कामाला बाई नसते. डिशवॉशर रिकामा करणं, व्हॅक्यूम, आपले कपडे धुणं, कचरा वेगळा करणं (दहा प्रकार आहेत, कुठला डबा कशाचा ते पहिल्याच दिवशी विचारावं), रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकून अनामत परत आणणं. बाटलीवर ए असेल तर १ क्रोन, बी असेल तर दीड, सी असेल तर ३.

न सांगितल्यामुळे कुरबूर होते अशा दोन गोष्टी बाथरूम आणि खिडक्यांच्या. बऱ्याच घरांत आंघोळीची जागा बाकीच्या फरशीला लागूनच असते. आंघोळ झाली की रबरी पट्टीने फरशीचं आणि काचेचं पाणी ओढून मोरीकडे न्यायचं, आंघोळ आटोपशीर ठेवायची. गरम पाणी महाग आहे. आणि थंडीतसुद्धा दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडतात. दमटपणा साचून भिंतींना बुरशी येऊ नये म्हणून हे करतात. आपली मुलं थंडी वाजते म्हणून खिडकी बंद ठेवतात आणि ओला टॉवेल हीटरवर टाकतात, तिथे यजमान काळजीत पडतात.

नियम विचारताना 'मी काय करू?' असं मोघम नको. 'मंगळवारी डिशवॉशर माझा का?' असं विचारलं की सरळ उत्तर मिळतं.

आणि तुमचा रात्री साडेनऊचा फोन बदला, ताई. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत डेन्मार्क आपल्या साडेतीन तास मागे असतं, एरवी साडेचार. म्हणजे उन्हाळी वेळेत तुमचे साडेनऊ म्हणजे त्यांचे सहा, नेमकी जेवणाची वेळ. हिवाळ्यात पाच, जेव्हा स्वयंपाक सुरू असतो. रोज त्याच वेळी मुलगी फोन घेऊन खोलीत गेली तर ती त्या घराची होणार कशी? रविवारी त्यांच्या सकाळी अकराला एकदा निवांत बोला, मधे मेसेज पुरे.

---

दिव्यांची_माळ

सणांबद्दल लिहिते.

मोठा दिवस २४ डिसेंबरची संध्याकाळ. टेबलावर बदक किंवा डुकराचा रोस्ट, साखरेच्या पाकात आणि लोण्यात घोळलेले लहान बटाटे, लाल कोबी. बटाटे तिला चालतील, कोबीबद्दल आधी विचारावं. शाकाहारी मुख्य पदार्थ आपण करू का, हे डिसेंबरच्या सुरुवातीलाच विचारून ठेवावं, कारण त्या दिवशी ओव्हनमध्ये जागा नसते.

शेवटी थंड भाताची खीर: फेटलेली साय, व्हॅनिला, बदामाचे तुकडे आणि वर गरम चेरीचा रस. त्यात एकच अख्खा बदाम लपवलेला असतो. ज्याला तो मिळतो त्याने गालात दडवून चेहरा कोरा ठेवायचा आणि बाकीच्यांना सगळं भांडं संपवायला लावायचं, बक्षीस त्याचं. लगेच ओरडायचं नाही. मग हात धरून झाडाभोवती फेर धरून गाणी, त्यानंतर भेटी. गाण्यांचे शब्द आठवडाभर आधी यजमानांच्या मुलीकडून लिहून घ्यावेत. उच्चार चुकले तरी चालतात, कोपऱ्यात उभं राहणं चालत नाही.

वाढदिवसाला टेबलावर छोटे डेनिश झेंडे आणि बागेत खांब असेल तर त्यावर मोठा. तिचा वाढदिवस तिथे आला तर शाळेत केक तिनेच न्यायचा असतो. आपला तिरंगा न्यायचा असेल तर टेबलावर ठेवायचा छोटा न्या. २०२५ पासून खांबावर परदेशी झेंडे फडकवण्यावर तिथे कायद्याने मर्यादा आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये फास्टेलाव्न: मुलं वेषांतर करून लाकडी पिंप काठीने फोडतात, आत गोळ्या. २३ जूनला सांक्त हान्सची होळी. दहा महिन्यांत परतायचं असेल तर ती चुकेल, पण तारीख जुळत असेल तर तेवढे दिवस मागून घ्या.

---

नाशिककर_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. फोनची वेळ बदलली. अजून दोन गोष्टी. शाळेच्या पार्ट्यांत दारू असते असं ऐकलं, ते खरं का? आणि घराशी नाहीच पटलं तर?

---

ऑर्हूसकर

खरं आहे. कमी तीव्रतेची बिअर १६ पासून कायद्याने विकत मिळते, कडक दारू १८ पासून. जिमनॅशियमच्या पार्टीत बिअर असतेच. पण 'नाय ताक' म्हटलं की विषय संपतो, कोणी मागे लागत नाही. हातात सोड्याचा ग्लास असला की विचारतही नाहीत. संस्थेचा याबाबत स्वतःचा नियम असेल तर तो कायद्यापेक्षा कडक धरायचा, तो मोडला तर मुलांना परत पाठवू शकतात.

न पटण्याबद्दल: अशा कार्यक्रमांत यजमान सहसा पैसे घेत नाहीत, हौसेने मुलं ठेवतात. त्यामुळे आपली मुलं कृतज्ञतेपोटी गप्प राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकदम रडू फुटतं. ते यजमानांना जास्त लागतं, कारण त्यांना काहीच सांगितलेलं नसतं. खोली थंड वाटते, पोट भरत नाही, डेनिश गप्पांत एकटं पडायला होतं, हे त्याच आठवड्यात, जेवणानंतर, साध्या शब्दांत सांगावं. यात उद्धटपणा वाटत नाही. तरी सुटलं नाही तर संस्थेचा स्थानिक संपर्क माणूस असतो, आधी त्याच्याशी मुलीने बोलायचं. तुम्ही नाशिकहून यजमानांना थेट फोन केलात तर गुंता वाढतो. घर बदलणं ही नेहमीची सोय आहे, त्यात कोणाला कमीपणा नाही.

भाषेसाठी एकच करा: रात्रीचं जेवण पूर्ण डेनिशमध्ये, ही विनंती तिने पहिल्या आठवड्यातच करावी. त्यांचं इंग्रजी चांगलं असतं, त्यामुळे एकदा इंग्रजीची सवय पडली की मोडत नाही.

---

दोन_चाकं

कोणी सायकलचं लिहिलं नाही म्हणून. गावात शाळेला सायकलच असणार. वाहतूक उजवीकडून. हेल्मेट सक्तीचं नाही, तरी घालावं. अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा सक्तीचा, नाहीतर दंड. डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळतो, म्हणून दिवे ऑक्टोबरपासून दप्तरात.

चौकात डावीकडे वळताना गाड्यांबरोबर मधे घुसायचं नाही. उजव्या कडेने सरळ पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, तिथे थांबून सायकल डावीकडे वळवायची, आणि रस्ता मोकळा झाला की मग पार करायचं. थांबण्याआधी हात वर. भारतातून गेलेल्यांची चूक इथेच होते, तेव्हा पहिल्या दिवशी यजमानांच्या मुलाबरोबर शाळेचा रस्ता एकदा रिकाम्या वेळी फिरून घ्यायला सांगा.