वासा पोखरणारा भुंगा आणि शिंगे असलेला कीटक एकच का?

प्रश्न:
कोकणातील आमच्या जुन्या घराच्या पडवीत एका वाशाला गिरमिटाने पाडावे तसे गोल भोक पडले असून, खाली रोज पिवळसर भुसा सांडलेला असतो. दिवसा तिथे मोठा काळा भुंगा घोंघावतो, तर परवा रात्री दिव्याखाली सांबरशिंगांसारखे जबडे असलेला काळपट तपकिरी कीटक सापडला. हे एकाच जातीचे नर-मादी आहेत का, आणि वासा कोण पोखरतो?

उत्तर १:
दोघांचे साम्य रंगापुरतेच आहे. शिंगे असलेला तो स्टॅग बीटल, म्हणजे ढालपंखी भुंगेरा. कडक पुढच्या पंखांखाली त्याचे उडण्याचे पंख घडी करून ठेवलेले असतात. दुसरा कार्पेंटर बी, आपला भ्रमर. तो मधमाश्यांच्या गोतातला. भुंगेऱ्याची शिंगे म्हणजे नराचे वाढलेले जबडे होत, आणि ती प्रतिस्पर्ध्याला उचलून उलथवण्यासाठी असतात, लाकूड कोरण्यासाठी नव्हेत. त्याच्या अळ्या कुजक्या खोडात वाढतात, तुमच्या कोरड्या वाशाशी त्यांना काही देणेघेणे नसते. वासा पोखरते ती भ्रमराची मादी. ती लाकूड खात नाही. थोडे आत जाऊन धाग्याच्या दिशेने बोगदा वळवते, पराग आणि मकरंदाच्या गोळ्यावर एकेक अंडे घालते आणि मधे भुशाचे पडदे उभारते.

प्रश्नकर्ता:
भोकाशी कान लावल्यावर आतली करकर स्पष्ट ऐकू आली. आज त्यात लांबी भरणार होतो. हा भुंगा तोंडासमोर येऊन थांबतो, तो डंख मारेल का?

उत्तर २:
असा अंगावर येणारा बहुधा नर असतो आणि त्याला नांगीच नसते. मादीला असते, पण हातात धरल्याशिवाय ती सहसा डंख मारत नाही. पिले बाहेर पडेपर्यंत थांबावे, मग भोकात लाकडी खुंटी ठोकून वाशाला रंग द्यावा, कारण भ्रमराला उघडे, कोरडे लाकूड अधिक आवडते. परसात शेवगा असेल तर त्याच्या फुलांवरही हाच भ्रमर दिसेल. परागीभवनासाठी तो उपयोगी आहे. बाकी गोंधळात आपल्या भाषेचाही हात आहे: नारळाचा गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा हे दोघेही खरे तर भुंगेरेच, तरी नावाने भुंगे झाले आहेत.

प्रश्नकर्ता:
शेवगा आहे. लांबीचा डबा तूर्त माळ्यावर ठेवला.