मदत हवी आहे: तीन पेडी दोरात एकच पेड सैल पडतो

अंबाडीच्या वाकाचा (सालीतून निघणाऱ्या तंतूंचा) 12 मिलिमीटर जाड, 15 मीटर लांब दोर वळायचा आहे, दावी आणि कासऱ्यांसाठी. नायलॉन नको, हात कापतो आणि गाठ सरकते. काथ्या पाण्यात टिकतो, पण गुरांच्या मानेला खरखरीत.

वाक चांगला निघालाय. अंबाडी फुलोऱ्यात कापली, पेंढ्या आधी 2-3 दिवस बुडखे पाण्यात ठेवून उभ्या केल्या (तिथली साल जाड असते), मग आडव्या बुडवून वर दगड. बाराव्या दिवशी साल सुटली. जास्त कुजला असता तर वाक हातात तुटला असता, तसं नाही.

घोळ वळताना होतो. धाग्याला उजवा पीळ, पेडाला डावा, दोराला पुन्हा उजवा. लांबी तिसऱ्या हिश्श्याने आटते म्हणून पेड 23 मीटरचे, प्रत्येकात 8 धागे. पेड वेगळे राहावेत म्हणून मध्ये तीन खाचांचा लाकडी गट्टू, दोर वळत जाईल तसा तो पुढे सरकतो. तरी 5-6 मीटरनंतर एक पेड फुगतो. उरलेले दोन सरळ ताठ राहतात आणि तो त्यांच्याभोवती नुसता गुंडाळला जातो. म्हणजे भार दोघांवरच, तिथेच दोर तुटणार.

पेड ज्या फिरत्या आकड्यांना (हुकांना) अडकवलेत, त्यांचे फेरे तिन्हींना सारखेच आहेत. मग धागा जोडताना सगळे बुडखे एकाच बाजूला आल्याने पेडाची जाडी बदलते का? की गट्टू फार लवकर पुढे सरकतोय? फिरत्या टोकाला किती किलो ताण ठेवता? आणि वाक ओलसर करून वळावा की कोरडा? वळणाऱ्यांनी नेमकं सांगावं.