पू म्हणजे रक्त बिघडलं असं नव्हे

वर निपाणीच्या अण्णांनी लिहिलंय की ऊस तोडताना पाल्यानं बोट कापलं, दुसऱ्या दिवशी ते लाल होऊन ठणकायला लागलं, म्हणजे अंगात प्रतिकारशक्तीच उरली नाही. अण्णा, उलट आहे. ती लाली, ऊब आणि सूज हे शरीर कामाला लागल्याचं लक्षण.

कातडी फाटली की तिथल्या मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पहारेकरी पेशी जंतूंच्या अंगावरच्या ठरावीक खुणा ओळखतात. तो जंतू पूर्वी भेटलेला असावा लागत नाही. मग त्या रसायनं सोडतात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी गर्दी करतात. त्या जंतू गिळतात, मारतात आणि स्वतःही मरतात. पिवळा पू म्हणजे बहुतांशी याच मेलेल्या पेशी.

मला तर रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांचा प्रयोग विलक्षण वाटतो. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेस्सिना इथं त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. सकाळी बघतात तो फिरत्या पेशी काट्याभोवती जमलेल्या! एवढ्याशा जिवातही ही व्यवस्था आहे. १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळालं.

पण फक्त शरीराच्या या प्रतिकारशक्तीच्या भरवशावर राहू नका. जखमेत माती गेली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनाचं डॉक्टरांना विचाराच. हातावर लाल रेघ वर चढू लागली किंवा ताप आला, तर खानापूर असो की चिकोडी, लगेच दवाखाना गाठा. आणि जखमेत तंबाखू किंवा चुना अजिबात भरू नका, साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा.