म्हणे, डिमेन्शिया झाला की उद्याचा घोर संपतो!

खडीसाखर:
काल इथे एकाने लिहिलं, "डिमेन्शियावाले खरे सुखी. भूतकाळ पुसला, भविष्याची कल्पनाच नाही, निव्वळ वर्तमानात जगणं. योगी ह्यासाठी आयुष्य घालवतात." खाली सत्तर बदाम. रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितेय.

माझी आई ८१ वर्षांची, लातूरची. अल्झायमरचं निदान होऊन पाच वर्षं झाली. पुण्यात आमच्या सोसायटीत दिवसभर पाणी असतं. तरी रोज दिवेलागणीला ती हंडा, कळशी, बादल्या, पातेली आणि शेवटी आमटीच्या वाट्यासुद्धा भरते. "उद्या पाणी यायचं नाही." २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा ती तिथेच होती. ती गाडी तिला आठवत नाही. माझं नाव दिवसाआड आठवतं. पण उद्या नळ कोरडा, ह्यात तिळमात्र शंका नाही. आमच्या घरात उद्याचा सगळ्यात जास्त घोर तिलाच आहे.

तर्कट:
ताई, भावना समजल्या, पण ही कल्पना नव्हे, सवय. आठवण आणि कल्पना एकाच मालावर चालतात. टुल्विंग ह्या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या के.सी.ला, म्हणजे आठवण गेलेल्या एका रुग्णाला विचारलं, उद्या काय करणार? डोकं कोरं. कालचं विचारलं तरी तसंच कोरं. हसाबिसनी (हो, तेच, २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलवाले) २००७ मध्ये हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणी घडवणारा भाग) निकामी झालेल्यांना समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आणायला सांगितलं. बहुतेकांना नुसते तुकडे दिसले, अख्खं चित्र जुळेना. तुमच्या आईंचा हात हंड्याकडे जातो, एवढंच.

गवतीचहा:
के.सी.ला डिमेन्शिया नव्हता, १९८१ साली मोटरसायकलचा अपघात झाला होता. सगळे एकाच पोत्यात भरू नका. सिमँटिक डिमेन्शियाचं काय? त्यात शब्दांचे, वस्तूंचे अर्थच विरघळतात. सिडनीत म्युरिअन आयरिशच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं, की ह्या लोकांना अलीकडचं बऱ्यापैकी सांगता येतं, पण पुढचं रचता येत नाही. म्हणजे नुसत्या आठवणी असून भागत नाही. हंडा कशासाठी असतो हे कळायलाही लागतं, आणि ते ह्यांच्या आईंना कळतंय.

तर्कट:
बरं, के.सी. मागे घेतो. पण अल्झायमरमध्ये कालचा आणि उद्याचा, दोन्हींचा तपशील आटतो, हे तरी मान्य करा.

खडीसाखर:
तपशील आटतो, मान्य. घोर आटत नाही. आणि नुसतं पाणीच नाही. "उद्या दादाकडे जायचंय" म्हणून पिशवी भरते. मामा जाऊन बारा वर्षं झाली. मी म्हणते, "हो, उद्या जाऊ."

न्यूजर्सीकर:
म्हणजे रोज खोटं बोलता? जन्मदात्या आईशी? आमची आई गेली, हे मी बाबांना फोनवर दर वेळी खरंच सांगतो. त्यांना तेवढा मान द्यायला हवा.

वरणफळ:
दर वेळी म्हणजे रविवारी ना? तुम्ही खरं सांगून फोन ठेवता. मग रात्रभर "ही गेली आणि मला कुणी सांगितलं नाही" म्हणून रडणाऱ्या माणसाजवळ कोण बसतं? आमच्याकडे मी बसायचे. सून. दीर साता समुद्रापार बसून सत्यवचनी!

न्यूजर्सीकर:
मला ओळखत नसताना असं बोलायचं कारण नाही. बाबांना सांभाळणाऱ्या दोन्ही वेळच्या बायकांचे पैसे मी पाठवतो.

वरणफळ:
पैसे सगळेच पाठवतात हो. नऊ वर्षांत मी "उद्या" किती वेळा म्हटलं असेल! त्या शब्दावर सासूबाई अंगावर पांघरूण घेऊ द्यायच्या. खोटं तर खोटं.

न्यूजर्सीकर:
मागच्या महिन्यात बाबांनी विचारलं, "तू परत कधी येतोस?" डिसेंबर म्हटलं. तासाभराने पुन्हा त्यांचाच फोन, तोच प्रश्न. तिसऱ्यांदा मी "उद्या" म्हणालो. ठीक आहे? झालं समाधान?

वरणफळ:
नाही झालं. पण डिसेंबरात नक्की या.

पेन्शनर५८:
विषय भविष्याचा आहे म्हणून सांगतो. मुखत्यारपत्र केलंय म्हणून निर्धास्त राहू नका. करार कायदा १८७२, कलम २०१: देणाऱ्याची मती ठिकाणावर राहिली नाही की ते संपतं. मग पालक नेमून घ्यायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवा. आमच्या हिच्या बाबतीत बँकेतला पोरगा म्हणाला, "मॅडमना घेऊन या, सही करू दे." मॅडमनी पावतीवर फूल काढलं. सही येतेय तोवर खातं जोडनावावर करा, मृत्युपत्र करा.

तर्कट:
काका, तुमचा वेगळा धागा काढा, उपयोगी आहे. खडीसाखरताई, एक करा. आज आईंना विचारा, कुठलं भांडं कशासाठी. नुसती सवय असेल तर उत्तर येणार नाही. आलं, तर शब्द मागे घेतो. निम्मे.

खडीसाखर:
विचारलं. "हंडा प्यायचा. बादल्या वापरायच्या. आणि ही कळशी शेजारी द्यायची, त्यांच्याकडे ओली बाळंतीण आहे, तिला उद्या गरम पाणी लागेल." आमच्या शेजारी दोन आयटीवाली मुलं राहतात.

तर्कट:
बाळंतीण जुन्या लातुरातली असणार. आठवणच ती.

खडीसाखर:
असेल. गरम पाणी उद्याचं आहे. निम्मे द्या.

तर्कट:
दिले. आमटीच्या वाट्या कशासाठी ते नाही विचारलंत?

खडीसाखर:
विचारलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढं पण कळत नाही तुला?"