दिवाळीत घर पाहुण्यांनी भरण्याआधी सिंक आणि नहाणीचे काय करून घ्यावे?

कोथरूडकर

नमस्कार. आमची सदनिका डहाणूकर कॉलनीतल्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. एरवी घरात आम्ही तिघेच असतो; यंदा मात्र नरकचतुर्दशीपासून भाऊबीजेपर्यंत माझ्या दोन्ही नणंदा सहकुटुंब आणि गावाकडचे चुलत सासरे-सासूबाई मुक्कामाला असल्याने चौदा माणसे होतील. गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या जेवणाची भांडी घासायला काढली आणि सिंकमधले पाणी उतरेनासे झाले. थोड्याच वेळात तेच खरकटे पाणी ड्राय बाल्कनीतल्या नहाणीतून, म्हणजे फरशीतल्या जाळीच्या तोंडातून, वर आले. नेहमीचा प्लंबर सणासाठी गावी गेलेला होता आणि दुसरा कोणी फोन उचलत नव्हता. सध्या पाणी उतरते, पण सावकाश. शिवाय पाहुण्यांसाठीचे बाथरूम वर्षभर जवळजवळ बंदच असते आणि तिथे कुबट वास येतो. हार्डवेअरच्या दुकानदाराने ॲसिडची बाटली ओतून मोकळे व्हा, असे सांगितले. तेवढ्याने भागेल का, की आधीच सगळे उघडून साफ करून घ्यावे?

निवृत्त_अभियंता

ताई, आपल्या वर्णनातच अर्धे निदान आहे. सिंकचे पाणी नहाणीतून वर आले, याचा अर्थ अडथळा सिंकखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये (पाणी धरून ठेवणाऱ्या, वाटीच्या आकाराच्या भागात) नसून सिंकचा आणि नहाणीचा पाइप जिथे एकत्र येतात त्याच्या पुढे होता. नुसता ट्रॅप चोंदला असता तर पाणी सिंकमध्येच उभे राहिले असते. आता स्थिती काय आहे हे पाहण्यासाठी सिंकला बूच लावून ते काठोकाठ भरा आणि बूच एकदम काढा. नळाची बारीक धार अर्धवट चोंदलेल्या पाइपमधूनही निमूट निघून जाते, त्यामुळे तिघांच्या वापरात दोष लक्षात येत नाही. भरलेल्या सिंकचे पाणी एकदम सुटले की तो लगेच उघडा पडतो. त्या वेळी घरातल्या कोणाला तरी नहाणीपाशी उभे करा. तिथे गुडगुड आवाज आला, बुडबुडे आले किंवा पाण्याची पातळी वर चढली, तर गेल्या वर्षीचा चिकटा अजून तिथेच आहे असे समजावे.

ॲसिडचा सल्ला मुळीच मानू नका. स्वयंपाकघराच्या पाइपमध्ये साचतो तो तेलातुपाचा थर आणि त्यात अडकलेले पिठाचे व भाताचे कण. दुकानातल्या ॲसिडने क्षार विरघळतात, म्हणून फरशीवरचे पांढरे डाग जातात. तेलकट थरावर त्याचा परिणाम होत नाही. उलट स्टीलच्या सिंकवर काळे डाग पडतात, वेस्ट कपलिंगचा (सिंकच्या तळाच्या धातूच्या जाळीच्या तोंडाचा) मुलामा उडतो, आणि जुन्या इमारतीत नहाणीभोवतीचा सिमेंटचा सांधा खाल्ला जाऊन खालच्या मजल्याच्या छताला ओल धरते. कॉस्टिक सोड्याने चरबीचा साबण होतो हे खरे, पण पाणी तुंबलेल्या पाइपमध्ये त्याचे खडे तळाशी बसून दगडासारखे घट्ट होतात आणि त्यावर कोणी ॲसिड ओतले तर ते उकळून अंगावर उडते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो, तोही बंद बाथरूममध्ये. उकळत्या पाण्याचाही आग्रह नको, कारण पीव्हीसी पाइप ७५ ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतो.

बॉटल ट्रॅप घरच्या घरी उघडता येतो. खाली बादली ठेवून त्याची वाटी हाताने फिरवून काढावी, आतला काळा गाळ बादलीतच पाडावा आणि वाटी परत बसवताना रबरी वायसर नीट बसला आहे ना, हे पाहावे. त्यापुढचे काम प्लंबरचे आहे: नहाणीतून उभ्या पाइपपर्यंत स्प्रिंग (पाइपमधला अडथळा काढणारी लांब लवचीक तार) फिरवून घ्यावी. हे वसुबारसेच्या किमान आठवडाभर आधी उरकावे, कारण धनत्रयोदशीला माणूस मिळणे ही नशिबाची गोष्ट आहे.

बंद बाथरूमचा वास हा बहुधा घाणीचा नसून कोरड्या ट्रॅपचा असतो. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी उभे असते आणि तेच ड्रेनेजचा वायू अडवते. वापर नसला की ते पाणी सुकते. नहाणीत आणि कमोडमध्ये एकेक बादली पाणी ओता. वास गेला तर दुसरे काही करायला नको.

सदाशिवपेठी

वरचा सल्ला योग्यच आहे, पण पाइपमध्ये जाते काय, हेही पाहायला हवे. चकल्या आणि शंकरपाळी तळून झाल्यावर कढई तशीच सिंकखाली धरली जाते आणि वर गरम पाणी सोडले की सगळे गेले असे वाटते. ते फक्त नजरेआड जाते. पुढच्या वळणावर पाणी निवते आणि तूप-डालडा तिथेच थिजते. आमच्याकडे कढई आधी जुन्या वर्तमानपत्राने कोरडी पुसली जाते, मग थोडे बेसन टाकून चोळली जाते आणि ते बेसन कचऱ्यात जाते. पंगतीच्या ताटांतले खरकटे पिशवीत निपटून मगच ताट सिंकमध्ये जाते. भाताच्या शितांसाठी सिंकच्या जाळीवर दुसरी बारीक जाळी ठेवावी.

अभ्यंगस्नानाकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. उटण्यात मुलतानी माती असेल तर ती पाण्याबरोबर वाहून न जाता नहाणीच्या वाटीत तळाशी बसते, वरून तेल आणि केस येतात आणि सातवी-आठवी आंघोळ होईपर्यंत पाणी घोट्यापर्यंत उभे राहते. उपाय साधा आहे: पाटाखाली कागद अंथरावा, उटणे अंगावर जरा वाळू द्यावे, चोळून कागदावरच पाडावे आणि मग पाणी घ्यावे. मुले कुरकुर करतात, पण पहाटेच्या अंधारात नहाणी उपसण्यापेक्षा ती कुरकुर परवडते. सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की जाळी उचलून वाटी रिकामी करावी.

सोसायटी_सचिव

इमारतीचा उभा पाइप सामाईक असतो, हे सदनिकाधारक विसरतात. तळाशी अडथळा आला की वरच्या सगळ्या मजल्यांचे पाणी खालच्या घरांतून बाहेर येते, आणि आपण पहिल्या मजल्यावर आहात. त्यामुळे घरातली स्प्रिंग पुरेशी नाही. समितीला लेखी कळवून खालची चेंबर (ड्रेनेजचा झाकणाचा हौद) सणाआधी उघडून घ्या.

पाण्याचाही अंदाज बांधा. नियोजनात माणशी दिवसाला १३५ लिटरचा हिशेब धरतात. चौदा माणसांचे सुमारे १,९०० लिटर होतात आणि त्या दिवशी शेजारच्या घरांतही हीच स्थिती असते. महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते ते बहुधा गुरुवारी, तेव्हा सूचना पाहून आदल्या रात्री गच्चीवरची टाकी भरलेली असल्याची खात्री करा. गिझर २५ लिटरचा आणि २ किलोवॉटचा असेल तर एकदा पूर्ण तापायला अर्धा तास लागतो आणि त्यात दोन-तीन बादल्या आंघोळीपुरत्या निघतात, त्यामुळे आंघोळींचे क्रमांक लावावे लागतील. पाहुण्यांच्या संडासात झाकणाची कचरापेटी ठेवा. ओले टिश्यू आणि सॅनिटरी पॅड कमोडमध्ये पडतात, ते बहुतेक वेळा दुसरी जागा नसल्यामुळेच.

कोथरूडकर

सर्वांचे आभार. सिंक भरून सोडले तेव्हा नहाणीत स्पष्ट गुडगुड झाली. प्लंबरने स्प्रिंग फिरवल्यावर साबणाच्या वडीसारखे पांढरट, घट्ट तुकडे निघाले आणि आता भरलेले सिंक झरझर रिकामे होते. चेंबरही उघडली, तिच्या तोंडाशी फरशी पुसायचे एक आख्खे फडके अडकले होते, ते कोणाचे हे अर्थातच कोणी कबूल केले नाही. बंद बाथरूमचा वास एका बादलीने गेला. आता एकच शंका आहे, काका. आमच्या घराचा मुख्य व्हॉल्व्ह कित्येक वर्षांत फिरवलेला नाही आणि तो घट्ट बसला आहे. पान्याने फिरवून पाहू का?

निवृत्त_अभियंता

पान्याने मुळीच नको. जुन्या गेट व्हॉल्व्हची (चाक फिरवून आतली पट्टी खाली-वर करणाऱ्या व्हॉल्व्हची) दांडी आतून झिजलेली असते. जोर लावला तर ती तुटते आणि गेट अर्धवट बंद अवस्थेत अडकते, म्हणजे पाणी धड येत नाही आणि धड थांबतही नाही. सणाला आठवडा असेल तर गच्चीवरून आपल्या लाइनचे पाणी बंद करून त्या जागी बॉल व्हॉल्व्ह (पाव फेऱ्यात बंद होणारा व्हॉल्व्ह) बसवून घ्या. काम तासाभराचे आहे. तेवढा वेळ नसेल तर त्याला हात लावू नका. सिंक, फ्लश टाकी आणि गिझरचे अँगल कॉक (प्रत्येक जोडणीपाशी असलेले छोटे नळ) मात्र एकेक करून बंद होतात का ते पाहा, आणि गच्चीच्या दाराची किल्ली कोणाकडे असते हे त्या चार दिवसांसाठी विचारून ठेवा.