मदत हवी आहे : गावाजवळ अॅसिडचा टँकर पलटी झाला तर फायर ब्रिगेड येईपर्यंत नक्की काय करायचं?

घाटाखालचा :
नमस्कार मंडळी, आमचं गाव मुंबई-गोवा हायवेला लागून, घाट उतरला की लगेच. जवळ एमआयडीसी असल्यामुळे रात्रंदिवस केमिकलचे टँकर चालू असतात. मागच्या पावसाळ्यात एक टँकर वळणावर आडवा झाला, ड्रायव्हर कसाबसा बाहेर आला पण हात आणि मांडी भाजलेली, आणि बघता बघता अर्धा गाव रस्त्यावर. काहीजण तर डिझेल समजून कॅन घेऊनच आले होते (हे नेहमीचंच). एकजण म्हणतो पंप लावून टँकरवर पाणी मारा, दुसरा म्हणतो खबरदार, अॅसिडवर पाणी टाकलं की उसळतं, सरपंच म्हणाले चुना आणा, आणि एक काकू खायचा सोडा घेऊन ड्रायव्हरच्या हाताला चोळायला निघालेल्या. दोन्हीकडून ट्रॅफिक जाम, त्यामुळे बंब यायला बराच वेळ गेला. आता ग्रामसभेत ठरलंय की पंचायतीने काही सामान घेऊन ठेवायचं आणि चार पोरं तयार करायची, आणि यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तर पाणी मारायचं की नाही? चुन्याची पोती ठेवून उपयोग आहे का? आणि ते अॅसिड गटारातून ओढ्याला गेलं होतं, ओढ्याकाठी आमची विहीर आहे, तिचं काय?

रिकामटेकडा :
सगळ्यात आधी व्हिडिओ काढणाऱ्यांना हाकला. बाकी चालू द्या.

प्लांट सेफ्टी :
कोणतं अॅसिड होतं ते आधी सांगा. नुसतं 'अॅसिड' म्हटल्यावर उत्तर देता येत नाही. टँकरवर पाटी असते, तिच्यावर केमिकलचं नाव, चार आकडी यूएन नंबर (प्रत्येक केमिकलला ठरवून दिलेला), हॅझकेम कोड (बंबवाल्यांनी काय करायचं त्याची खूण) आणि इमर्जन्सीचा फोन नंबर लिहिलेला असतो. सोबत चौकटीतलं चिन्ह, वर पांढरं, खाली काळं, हातावर आणि धातूवर थेंब पडतायत असं चित्र, आणि खाली ८ आकडा. १८३० म्हणजे सल्फ्युरिक, १७८९ म्हणजे हायड्रोक्लोरिक, २०३१ नायट्रिक, १८२४ कॉस्टिक लाय (हे अॅसिड नाही, पण कातडी तितकीच जाळतं). पोरांना हे चार नंबर पाठ करायला लावा. पाटी लांबूनच वाचायची, मोबाइलचा कॅमेरा झूम करून. आणि ११२ ला फोन करताना 'टँकर पलटी' एवढंच न सांगता तो नंबर सांगायचा, म्हणजे येणारी गाडी तयारीने येते.

टँकरवाला मामा :
मी बरीच वर्षं लाइनवर काढली म्हणून सांगतो. केबिनमध्ये ट्रेम कार्ड असतं, काय सांडलं तर काय करायचं ते त्यात लिहिलेलं असतं, ड्रायव्हर शुद्धीवर असेल तर आधी त्याला विचारा. आम्हाला तीन दिवसांचं ट्रेनिंग असतं, त्याशिवाय लायसन्सवर शिक्का मिळत नाही. आता गाववाले ड्रायव्हरला मारायलाच धावतात तेव्हा तो पळून जातो आणि मग माहिती देणारं कोणी उरत नाही, हे पण ग्रामसभेत बोला.
सल्फ्युरिकचा टँकर साध्या लोखंडाचा असतो कारण कडक अॅसिड लोखंडाला फारसं खात नाही. पण त्यात पाणी शिरलं की तेच अॅसिड पातळ होऊन टाकी खायला लागतं आणि हायड्रोजन सुटतो. म्हणजे भोकावर पाइप धरला तर भोक मोठं होणार, वर जाळाची भीती वेगळी.

घाटाखालचा :
धन्यवाद दोघांना. एका पोराच्या मोबाइलमध्ये फोटो सापडला, नंबर १७८९ आहे. आणि हो, पांढरा धूर होता, डोळे चुरचुरत होते, ठसका लागत होता.

प्लांट सेफ्टी :
मग हायड्रोक्लोरिक. ते ३० टक्क्यांच्या आसपासचं असतं, म्हणजे त्यात आधीच भरपूर पाणी आहे, सल्फ्युरिकसारखं उसळत नाही. इथे त्रास धुराचा. बंबवाले त्या धुरावर बारीक फवारा मारून तो खाली बसवतात, पण ते सूट आणि श्वासाचं उपकरण घालून. तुमच्या पोरांनी ते करायचं नाही. त्यांचं काम : वारा जिकडून येतो त्या बाजूला आणि चढावर उभं राहायचं, चारी बाजूंनी निदान ५० मीटर मोकळं करायचं, धूर दाट असेल तर वारा धूर जिकडे नेतोय तिकडची घरं अजून लांबपर्यंत रिकामी करायची. टाकीलाच आग लागली असेल तर ८०० मीटर.
पाणी लागतं ते भाजलेल्या माणसाला. तो सांडलेल्या जागेपासून चालत बाहेर आला असेल तर कपडे, चपला, घड्याळ काढून वाहत्या पाण्याखाली निदान २० मिनिटं, जास्त झालं तर उत्तमच. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून. सोडा, चुना, हळद, टूथपेस्ट काही लावायचं नाही, चुना आणि अॅसिडची रिअॅक्शन कातडीवरच होऊन वर गरम होतं, आणि सोडा चोळत बसण्यात धुवायचा वेळ जातो. काकूंना हे नीट समजावून सांगा, हेतू चांगलाच होता त्यांचा.

घाटाखालचा :
आणि चुना?

प्लांट सेफ्टी :
हिशोब करून बघा. १० टन हायड्रोक्लोरिक न्यूट्रल करायला साधारण ३ टन विझवलेला चुना लागतो, कडक सल्फ्युरिक असेल तर साडेसात टनाच्या आसपास. दहा-वीस पोत्यांनी टँकर निस्तरत नाही. त्यापेक्षा माती, वाळू भरलेली पोती ठेवा आणि गटाराचं तोंड ओढ्याला मिळायच्या आधी, गळतीपासून लांब खालच्या बाजूला बुजवा. हे एक काम गाव लवकर आणि सुरक्षित करू शकतं. लाकडाचा भुसा नको, कडक सल्फ्युरिकने तो करपून काळा पडतो, नायट्रिकने तर पेट घेऊ शकतो. कळीचा चुना तर मुळीच नको, तो पाण्यानेच तापतो.

नुसती वाचक :
विहिरीचं कुणीच बोललं नाही. लिटमस टाइप पीएच पट्ट्या (पाण्यात अॅसिड किती ते रंगावरून दाखवणाऱ्या) मिळतात, स्वस्त असतात, पंचायतीत ठेवा. पिण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ हवा. चव घेऊन बघणे हा प्रकार बंद. आपल्या जांभ्यात चुनखडी नसते, त्यामुळे दगडच अॅसिड मारेल या भरवशावर राहू नका. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्याच्या लॅबमध्ये नमुना द्या आणि क्लोराइड पण तपासायला सांगा, लिटरला २५० मिलिग्रॅमच्या वर आहे का ते बघा. तुमचा ओढा खाडीला मिळत असेल तर क्लोराइड तसंही जास्त येऊ शकतं, म्हणून वरच्या अंगाच्या एखाद्या विहिरीचा नमुना बरोबर द्या, तुलनेला.

टँकरवाला मामा :
१०८ पण फोनमध्ये ठेवा. आणि जखमीला उचललं म्हणून पोलीस मागे लागतील ही भीती सोडा, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, कलम १३४ अ.

घाटाखालचा :
यादी अशी करतोय : रिकाम्या गोण्या आणि वाळूचा ढीग, पीएच पट्ट्या, लांब दोरी, शिट्ट्या, आणि रस्त्यापासून जरा लांब पाण्याची मोठी टाकी, नळासकट. रबरी हातमोजे आणि गमबूट घ्यावेत का? पोरं ते घालून थेट टँकरपाशी जातील अशी भीती वाटते.

प्लांट सेफ्टी :
गमबूट, हातमोजे घ्या, पण गोण्या टाकायला आणि भाजलेल्या माणसाला धुवायला. टँकरजवळ जायला ते पुरत नाहीत, धूर नाकातून जातो. टाकीचं मात्र उत्तम. उन्हाळ्यात ती रिकामी राहणार नाही एवढं बघा.